विश्लेषण : अंगणवाडीच्या ताटात शेंगदाणा, अंडे, दूध… कोणत्या मुलाला काय सोसत नाही, हे विचारणार कोण?

जळगाव-धुळ्याच्या स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट नाही असा पदार्थ शोधावा लागतो. अंगणवाडीत हेच कूट मुलांना स्वस्तात प्रथिने पुरवते. एखाद्या मुलाच्या मात्र ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी पदार्थच बंद करायचा, की ते मूल आधी ओळखायचे? कायदा काय सांगतो, आरोग्य यंत्रणेत सोय काय आहे आणि पालकांनी काय करावे, याविषयी…

हा प्रश्न कशासाठी?

जून महिन्यात अंगणवाड्या आणि खासगी नर्सरींत नवी मुले येतात. तीन वर्षांचे मूल पहिल्यांदाच आई-आजीच्या नजरेआड जेवू लागते. ‘याला अंडे दिले की ओठ सुजतात’, ‘हिला तिळाचा लाडू चालत नाही’ हे घरात सगळ्यांना तोंडपाठ असते. पण ही माहिती मुलाबरोबर आपोआप अंगणवाडीत जात नाही. प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख, आधार क्रमांक, लसीकरण, वजन आणि उंची लिहून घेतली जाते. काय खाल्ल्यावर त्रास होतो, हा प्रश्न विचारला जाईलच याची खात्री नसते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिला ५० वर्षे झाली. या काळात सगळा भर मूल उपाशी राहू नये यावर होता आणि ती लढाई अजून संपलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आहे आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला.

या आकड्यांपुढे अ‍ॅलर्जी म्हणजे शहरी, सुखवस्तू घरांचे दुखणे वाटण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्न एकाच ताटात आहेत. अ‍ॅलर्जीकडे दुर्लक्ष केले तर एखाद्या मुलाचा जीव धोक्यात येतो. अ‍ॅलर्जीच्या भीतीने अंडे, दूध, शेंगदाणा सरसकट बंद केले तर बाकी सगळ्या मुलांच्या तोंडचा घास जातो.

अंगणवाडीतील आहाराबाबत कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून वयानुरूप मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना घरी नेण्याचा शिधा (टीएचआर) मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळतो. मूळ कायद्याच्या अनुसूचीत या वयासाठी दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असा निकष होता. कुपोषित मुलांसाठी तो ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने असा होता. जानेवारी २०२३ मध्ये या निकषांत बदल करून लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे अशा सूक्ष्म पोषक घटकांची भर घालण्यात आली.

यासाठी पैसे किती? २०१७ मध्ये ठरलेला दर प्रति बालक प्रतिदिन आठ रुपये आणि तीव्र कुपोषित बालकांसाठी १२ रुपये असा आहे. एवढ्या रकमेत नाश्ता आणि जेवण बसवायचे असल्याने स्वयंपाक करणाऱ्या बचत गटांची भिस्त तांदूळ, डाळ, मटकी, हरभरा, सोयाबीन, गहू आणि शेंगदाणा यांवर असणे स्वाभाविक आहे.

कायद्याची सगळी भाषा उष्मांक आणि ग्रॅमची आहे. प्रत्येक मुलाला किती मिळाले, हे ती मोजते. कोणत्या मुलाला काय मिळता कामा नये, हा विचार या मोजमापात नाही.

अ‍ॅलर्जी, अपचन आणि ‘पित्त’ यांत फरक काय?

अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीची चूक. अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला ती शत्रू समजते आणि त्यावर तुटून पडते. खाल्ल्यावर काही मिनिटांत, साधारणपणे दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठतात, ओठ, डोळे, चेहरा सुजतो, उलट्या होतात. प्रतिक्रिया तीव्र असेल तर घसा आवळतो, श्वास लागतो, रक्तदाब कोसळतो. याला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ म्हणतात.

दूध प्यायल्यावर पोट फुगणे किंवा जुलाब होणे हा बऱ्याचदा दुधातील साखर न पचण्याचा त्रास असतो. तो त्रासदायक असला तरी जीवघेणा नसतो. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा सिलिअ‍ॅक आजार आणखी वेगळा. त्यात मूल एकाएकी कोसळत नाही, पण महिनोन् महिने वाढ खुंटते. अशा मुलाची नोंद नुसती ‘कुपोषित’ म्हणून होऊन त्याला आणखी गव्हाचाच आहार दिला जाण्याचा धोका असतो.

आपल्याकडे खरी अडचण शब्दांची आहे. ‘तुमच्या मुलाला अ‍ॅलर्जी आहे का?’ असे विचारले तर गावात बहुतेक आया ‘नाही’ म्हणतील. कारण त्यांच्या लेखी ते ‘पित्त’ असते, ‘उष्ण पडले’ असते, ‘सोसले नाही’ असते किंवा ‘नजर लागली’ असते. अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी लावायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचे, ही घरोघरची रीत. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबे आहेत. तेथे तर प्रमाण मराठीतील प्रश्नही परका ठरू शकतो. म्हणून प्रश्न असा हवा : ‘काय खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते? तोंड सुजते? खोकला किंवा धाप लागते? लगेच उलटी होते?’

आपल्याकडे अ‍ॅलर्जीचे प्रमाण किती?

खान्देशातील मुलांचे चित्र सांगणारी पाहणी हाताशी नसली तरी शेजारच्या कर्नाटकातील एक अभ्यास दिशादर्शक आहे. युरोप आणि आशियातील संशोधकांच्या या प्रकल्पात तेथील शालेय मुलांत अन्नाची संभाव्य अ‍ॅलर्जी ०.१४ टक्के, म्हणजे १० हजार मुलांत सुमारे १४ जणांना आढळली. त्याच अभ्यासात हाँगकाँगमध्ये हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते.

या अभ्यासातील दुसरी गोष्ट पालकांच्या अधिक कामाची आहे. कर्नाटकातील जवळपास पाचव्या हिश्श्याच्या मुलांत रक्ततपासणीत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडे दिसली, पण ती खाऊन प्रत्यक्ष त्रास होणारी मुले अगदी थोडी होती. थोडक्यात, तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच, असे नाही. महागडी ‘पॅनेल’ तपासणी करून आलेल्या यादीतील १०-१५ पदार्थ मुलाला बंद करणे हा आजारापेक्षा भयंकर उपाय ठरू शकतो. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, याची हकिगत ऐकून बालरोगतज्ज्ञ निदान करतात. तपासणी त्या हकिगतीला दुजोरा देण्यासाठी असते.

प्रमाण कमी असले तरी शून्य नाही. राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. एखाद्या अंगणवाडीत वर्षानुवर्षे असे एकही मूल येणार नाही. पण तालुक्याचा विचार केला तर कोणत्या ना कोणत्या अंगणवाडीत ते असण्याचीच शक्यता अधिक. शिवाय आईलाही ठाऊक नसलेली पहिली प्रतिक्रिया कोठेही होऊ शकते.

खान्देशच्या ताटात धोका कोठे लपतो?

वांग्याच्या भाजीत कूट, खिचडीवर कूट, चटणीत दाणे आणि तीळ, संक्रांतीला तिळगूळ, उपवासाला शेंगदाण्याचा लाडू. शेंगदाणा येथे वेगळा पदार्थ म्हणून ताटात येत नाही, तो रश्शात विरघळलेला असतो. लाकडी घाण्याच्या तेलात शेंगदाण्याची प्रथिने अंशतः उतरतात. रिफाइंड तेलात ती जवळजवळ राहत नाहीत. दाणे कुटलेल्या खलबत्त्यात किंवा मिक्सरच्या भांड्यात नुसती मिरची वाटली तरी कण मागे राहतात. त्यामुळे ‘त्याच्या वाटीत दाणे टाकले नाहीत’ एवढे पुरेसे नसते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा व इतर कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक सल्फाइट यांची माहिती देणे बंधनकारक आहे. या यादीत तीळ नाही. हरभरा आणि बेसनही नाही. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा अशा यादीत समावेश केला आहे. तेव्हा पाकिटावर इशारा नाही म्हणून तीळ सोसत नसलेल्या मुलाला ते निर्धास्तपणे देता येत नाही. घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. बचत गटाच्या पातेल्यातील खिचडीवर तर लेबलच नसते. तेथे स्वयंपाक करणाऱ्या ताईने सांगितले तेवढेच कळते.

राहिले वांगे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वांग्याच्या अ‍ॅलर्जीवर म्हैसूरच्या संशोधकांनी स्वतंत्र अभ्यास केला आहे. मात्र वांग्यात नैसर्गिकरीत्याच हिस्टामाइन असते. त्यामुळे भरीत खाऊन जिभेला खाज सुटली म्हणजे प्रत्येक वेळी ती अ‍ॅलर्जी नसते.

‘अंडे की केळी’ हा पर्याय पुरेसा आहे का?

आदिवासी भागासाठी राज्याने २०१५ मध्ये भारतरत्न डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. आधी ती गरोदर आणि स्तनदा मातांसाठी होती. २०१६ मध्ये तीत सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांचा समावेश झाला. आठवड्यातून चार दिवस उकडलेले अंडे आणि शाकाहारी मुलांना दोन केळी, अशी तिची आखणी होती. जळगावचा सातपुडा पट्टा आणि धुळ्यातील शिरपूर, साक्री तालुक्यांचे आदिवासी भाग या योजनेच्या क्षेत्रात येतात.

म्हणजे ‘या मुलाला हे नको, ते द्या’ अशी सोय सरकारी आहारात आधीपासून आहे. फक्त ती खाण्याच्या आवडीनिवडीच्या आणि श्रद्धेच्या आधारे आहे. तीच सोय अ‍ॅलर्जीच्या मुलाला लागू करणे अवघड नाही.

पण अंडे आणि केळी यांत बरोबरी नाही. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, दोन केळ्यांतून जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. जळगावच्या केळीला २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले, ती येथे मुबलक आहे, मुलांना आवडते आणि ऊर्जाही देते; अंड्याची जागा मात्र ती एकटी भरू शकत नाही. अंडे बंद केलेल्या मुलाच्या ताटात घट्ट वरण, मोडाची मटकी, दूध किंवा (सोसत असेल तर) शेंगदाणा यांची भर हवी.

शाळांतील अंड्याचा अनुभवही बोलका आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबवला. या सव्वा वर्षातील वाद शाकाहार आणि पैसा यांभोवती फिरला. अंडे कोणाला सोसते आणि कोणाला नाही, ही वैद्यकीय बाजू त्यात मागेच राहिली.

अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला गोवर-रुबेलाची लस देऊ नये, हा गैरसमज आहे. ती लस अशा मुलांनाही देता येते. लसीकरणाच्या वेळी अ‍ॅलर्जीची कल्पना तेवढी द्यावी.

मुलांना शेंगदाणे देणेच बंद करावे का?

नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ अभ्यासाने याबाबतची जुनी समजूत उलटी केली. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे अधिक जोखमीची ६४० बाळे त्यात होती. चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून ज्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली. या संशोधनामागे एक साधे निरीक्षण होते. इस्रायलमध्ये बाळांना लवकर शेंगदाण्याचा खाऊ दिला जातो आणि तेथे ही अ‍ॅलर्जी ब्रिटनमधील ज्यू मुलांच्या तुलनेत खूपच कमी होती.

त्यामुळे सहा महिन्यांनंतर वरच्या आहारात बारीक, पातळ केलेले कूट मिसळणारी खान्देशी आजी चुकत नव्हती. मात्र बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने त्रास झाला असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी. ज्या मुलाला शेंगदाण्याने एकदा प्रतिक्रिया आली आहे, त्याला ‘सवय होईल’ म्हणून घरी थोडे-थोडे चाखवणे धोक्याचे आहे. दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते, शेंगदाण्याची सहसा टिकते. म्हणून नोंद दरवर्षी तपासून घ्यावी.

अ‍ॅलर्जीपेक्षा मोठे धोके कोणते?

दोन धोके रोजचे आहेत. पहिला, घशात किंवा श्वासनलिकेत घास अडकणे. आपल्याकडे लहान मुलांच्या श्वासनलिकेतून डॉक्टरांना काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा वरच्या क्रमांकावर असतो. अख्खे दाणे, फुटाणे, बोराची बी, चिंचोका, अख्खे द्राक्ष पाच वर्षांखालील मुलांना देऊ नये. येथे शेंगदाण्याची दुहेरी बाजू दिसते : कूट केले की घशात अडकण्याचा धोका जातो, पण अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी तोच शेंगदाणा दिसेनासा होतो. मुलांना बसवून जेवू घालणे आणि जेवताना मोठ्या माणसाने समोर असणे, याला पर्याय नाही.

दुसरा धोका विषबाधेचा. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेतील जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर शाळांसाठी २०१५ मध्ये आलेल्या नियमांत वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्न चाखण्याची आणि प्रयोगशाळेत नमुने तपासण्याची तरतूद झाली. कापसाच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधे असतात. त्यांचे रिकामे डबे तेल किंवा पाण्यासाठी वापरायचे नाहीत, हा नियम येथे कितीही वेळा सांगितला तरी कमीच. अंगणवाडीच्या कुंपणाला चंद्रज्योत किंवा एरंड असेल तर तोही काढावा. त्याच्या बिया मुले दाणे समजून खातात.

शिवाय आपले ऊन. मार्च ते जून या काळात जळगाव, भुसावळ, धुळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, कधी ४५ गाठतो. शिजवलेला भात किंवा खिचडी अशा हवेत झाकून ठेवली तर जिवाणू झपाट्याने वाढतात आणि काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. सकाळी शिजवले ते गरम असतानाच वाढावे. उरलेले दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी देऊ नये.

त्रास झालाच तर पहिल्या काही मिनिटांत काय करावे?

नुसत्या गांधी उठल्या असतील तर खाणे थांबवून, तोंड धुऊन मुलावर बारीक लक्ष ठेवावे आणि पालकांना बोलवावे. पण गांधींबरोबर खोकला, घरघर, आवाज बसणे, वारंवार उलट्या, जीभ किंवा ओठांची सूज, अंग ढिले पडणे, गुंगी यांपैकी काहीही दिसले तर ते अ‍ॅनाफिलॅक्सिस समजावे. गांधी न उठताही तो होऊ शकतो.

अशा वेळी मुलाला आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर बसते ठेवावे. उभे करू नये, चालवू नये. उलटी काढू नये. लिंबूपाणी, सोडा, आमसूल यांत वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे आणि निघतानाच तेथे कळवावे. यावरचे मुख्य औषध म्हणजे मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत दिले जाणारे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही. बरे वाटल्यावरही काही तास दवाखान्यात थांबावे, कारण त्रास दुसऱ्यांदा उसळू शकतो.

घास अडकला आणि मुलाला खोकता किंवा रडता येत नसेल, तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. उपयोग न झाल्यास पाठीमागून पोटावर, बेंबीच्या वर, पाच वेळा आत-वर दाब द्यावा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये.

हे इंजेक्शन गावात मिळू शकते का?

परदेशात पालक आणि शिक्षक जवळ ठेवतात ते पेनसारखे तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही आणि महागही पडते. साधी अ‍ॅम्प्यूल मात्र स्वस्त असते आणि आरोग्य केंद्रात ठेवली जाते.

याहून महत्त्वाचे म्हणजे ते अंगणवाडीतही येऊन गेलेले असते. लसीकरण सत्रासाठी आरोग्य सेविका (एएनएम) जो संच आणते, त्यात लसीमुळे अ‍ॅनाफिलॅक्सिस झाल्यास द्यायचे अ‍ॅड्रेनालिन असते. वयानुसार पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवण्याचे प्रशिक्षण त्यांना दिले जाते. अनेक गावांत हे सत्र अंगणवाडीतच भरते. म्हणजे औषध आहे, ते देऊ शकणारी प्रशिक्षित व्यक्ती आहे, जागाही तीच आहे. जोडायचे आहे ते फक्त लसीकरणाचा दिवस आणि रोजचे जेवण. एखाद्या गावात अ‍ॅलर्जीचे निदान झालेले मूल असेल तर उपकेंद्राला त्याचे नाव ठाऊक असणे, हा त्यातला पहिला दुवा.

दुसरा दुवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते. तपासणीच्या मूळ ३० आजारांत अन्नाच्या अ‍ॅलर्जीचे नाव नाही. पण त्वचेचे विकार आणि दम्यासारखा श्वासाचा त्रास आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला दमाही असेल तर तीव्र प्रतिक्रियेचा धोका वाढतो. इसब किंवा दमा दिसलेल्या मुलाच्या आईला आहाराचा प्रश्न तेथेच विचारता येईल.

खासगी नर्सरीत कोणते नियम लागू होतात?

शहरांतील नर्सरीत बहुधा घरचा डबा असतो. तेथे मोठी अडचण डब्यांच्या अदलाबदलीची आणि वाढदिवसाच्या केकची. शाळांमधील सुरक्षित व संतुलित आहाराबाबतच्या अन्न प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेल्या पदार्थांच्या विक्रीला शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या परिघात मनाई केली आहे. शाळा स्वतः जेवण देत असेल तर तिला अन्न नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो.

ब्रिटनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे नताशा एडनान-लापेरूज या १५ वर्षांच्या मुलीचा २०१६ मध्ये मृत्यू झाला. तिने खाल्लेल्या सँडविचमध्ये तीळ होते, पण पाकिटावर तसा उल्लेख नव्हता. त्यानंतर आलेला ‘नताशाचा कायदा’ १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून बालवाड्यांच्या नियमांत आणखी भर पडली : प्रवेशापूर्वीच मुलाच्या आहाराची आणि अ‍ॅलर्जीची माहिती घ्यायची आणि मुले जेवत असताना बाल-प्रथमोपचार शिकलेली व्यक्ती त्याच खोलीत हवी. यातील एकाही गोष्टीला मोठी यंत्रसामग्री लागत नाही.

मग करता येण्यासारखे काय?

कामाचा बोजा हा खरा आक्षेप आहे आणि तो रास्तही आहे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनवाढीसह विविध मागण्यांसाठी ५२ दिवस संपावर होत्या. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर, आणखी एक अ‍ॅप लादून काही साधणार नाही.

त्यामुळे उपाय छोटा हवा. प्रवेशाच्या दिवशी आईला तिच्या बोलीत वरचे चार प्रश्न. उत्तर ‘हो’ आले तरच एक ओळ : मुलाचे नाव, पदार्थ, काय झाले, पालकांचा आणि आरोग्य सेविकेचा फोन क्रमांक. ती ओळ हजेरीपटावर आणि स्वयंपाकाच्या जागी भिंतीवर. त्या मुलाचे जेवण आधी, वेगळ्या भांड्यात काढणे आणि कूट शेवटी, वरून घालणे. वर्षातून एकदा, ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनाला आरोग्य सेविकेकडून घास अडकणे आणि अ‍ॅनाफिलॅक्सिस यांचे प्रात्यक्षिक. बचत गट बदलला तर ही ओळ नव्या गटाकडे सोपवणे.

पालकांनीही डॉक्टरांनी निदान केलेली अ‍ॅलर्जी लपवू नये. ‘सांगितले तर प्रवेश देणार नाहीत’ किंवा ‘खाऊ मिळणार नाही’ ही भीती काही घरांत असते. अंगणवाडीतील आहार हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे आणि अ‍ॅलर्जीमुळे तो जात नाही. बदलतो तो फक्त पदार्थ. दुसरीकडे, निदान न करता नुसत्या संशयावरून अंडे, दूध, शेंगदाणा बंद करण्याचा आग्रहही धरू नये. निदानासाठी जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

आठ रुपयांच्या ताटातून शेंगदाणा काढून टाकणे सोपे आहे. त्याच्या जागी तितकी प्रथिने तेवढ्या पैशांत आणणे अवघड. ज्या मुलाला तो चालत नाही त्याचे नाव भिंतीवर लिहायला मात्र खडूचा एक तुकडा पुरतो.